सुरत म्हणजे परराज्यच

आमच्या खानदेशात सुरतेला कुणी परराज्य म्हणत नाही. अमळनेर, धरणगाव, शिंदखेडा, दोंडाईचा या पट्ट्यात ज्या घरातलं एकही माणूस सुरतेला नाही असं घर सापडणं मुश्कील. कुणाचा भाऊ मिलमध्ये, कुणाचा जावई कापड मार्केटात, कुणाची बहीण लिंबायतला भाड्याच्या खोलीत साड्यांना लेस लावत बसलेली. उधना, डिंडोली, पांडेसरा ही नावं आमच्या आयाबायांना धुळ्याच्या गल्ल्यांपेक्षा जास्त पाठ असतात. आमची कानबाई देवी तिथेही बसते, रोट तिथेही होतात, अहिराणी दिवसभर कानावर पडते. 1 मे 1960 ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले, पश्चिम खानदेशातली काही गावं तिकडे गेली, नवापूरच्या तर रेल्वे स्टेशनातूनच सीमा गेली. पण माणसांनी ती रेषा कधी मनावर घेतली नाही. सकाळी गाडीत बसायचं, दुपारी सुरत.

म्हणून मी नवऱ्यापासून वेगळी झाले आणि मुलाला घेऊन सुरतेला जायचं म्हटलं, तेव्हा माहेरच्या सगळ्यांनी एकच सांगितलं. "सुरत काय लांब आहे का? घरच तर आहे." त्यांचं बोलणं मायेचं होतं. तरी मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पोटासाठी सुरतेला गेलेलं कुटुंब आणि आईबाप वेगळे झाल्यावर एकाचा हात धरून सुरतेला गेलेलं मूल एकाच गाडीत, एकाच बाकावर बसलेले असतील, पण त्यांचं जाणं एकसारखं नसतं. कुटुंब जातं तेव्हा गाव मागे शाबूत असतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला जायचं, लग्नसराईत जायचं, शेत बटाईने दिलेलं असतं, घराची किल्ली शेजारी असते. त्या मुलाचा मात्र बापच मागे राहिलेला असतो. त्याच्यासाठी ते परराज्यच आहे, आणि मोठ्यांनी हे आधी कबूल केलं तरच त्याच्या येण्या-जाण्याची सोय नीट लागते. "घरच तर आहे" म्हणत राहिलं की कुणी काही ठरवतच नाही.

जायचं का, हा प्रश्न माझ्यापुरता लवकर सुटला. माझं बी.कॉम. अमळनेरला झालं, लग्नाआधी टॅली शिकले होते. गावातल्या दुकानात हिशेब लिहून जे मिळायचं त्यात घरभाडं आणि मुलाची फी एका महिन्यात बसत नव्हती. सुरतेच्या कापड मार्केटात हिशेब येणाऱ्या माणसाला काम आहे. जीएसटी, दलाली, पार्टीकडून परत आलेला माल, उधारीचे दिवस, हे सांभाळणारं कुणीतरी प्रत्येक पेढीला लागतं. भाऊ डिंडोलीत राहतो, त्याच्या गल्लीतच खोली मिळाली. दुसरं कारण बोलून दाखवायला जड जातं, पण तेही तितकंच खरं. गावात मी "माघारी आलेली" होते. दळण घेऊन गेलं तरी गिरणीतल्या बाया बोलणं थांबवायच्या. मुलाला दुकानात कुणीही विचारायचं, "तुझे पप्पा आता येत नाहीत का रे?" या प्रश्नाला सात-आठ वर्षांच्या मुलाने काय उत्तर द्यावं?

बाईने मूल घेऊन लांब जायचं म्हटलं की लोकांना तो बापावरचा सूड वाटतो. 2010 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न होता. आईला नोकरीसाठी मुलासह ऑस्ट्रेलियाला जायचं होतं, बापाचा विरोध होता. मूल की नोकरी यांतलं एक निवड, असं आईला सांगता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि बापाच्या भेटींची व्यवस्था लावून तिला जाऊ दिलं. वकीलसाहेबांनी हे सांगितलं त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा पोटभर जेवण गेलं. ऑस्ट्रेलियाला जाता येतं, तर डिंडोलीला का नाही?

पण त्या निकालाचा दुसरा भाग आमच्याकडे कुणाला ऐकायचाच नसतो. जाऊ दिलं, ते भेटींची व्यवस्था लावून.

आमच्याकडे स्टॅम्पपेपरवर पंचांसमोर फारकत लिहून घ्यायची पद्धत अजून आहे. तशी जुनी रूढी कोर्टात सिद्ध करता आली नाही तर त्या कागदाने घटस्फोट होत नाही, हे पुष्कळ बायकांना फार उशिरा कळतं. मी माझ्या ओळखीतले असे कागद मागून वाचले आहेत. हुंड्यात दिलेली गोदरेजची कपाटं, पितळी हंडे, गळ्यातली पोत किती ग्रॅमची, लग्नाचा खर्च कुणी किती परत करायचा, याच्या ओळीच्या ओळी. मुलाबद्दल शेवटी एकच वाक्य, "मुलगा आईजवळ राहील" किंवा "मुलगा बापाजवळ राहील". संपलं. हंड्यांचं वजन लिहिणाऱ्या पंचांना ते मूल दिवाळीत कुठे असेल हे लिहावंसं वाटत नाही. मला याचा फार राग येतो. पंचांत बसणारी माणसं वाईट नसतात, त्यांनाही नातवंडं असतात. तरी हे असंच चालत आलं आहे.

कायद्याबद्दलही काहीबाही सांगितलं जातं. मुलगा बापाचा आणि मुलगी आईची, असं मला कितीतरी जणांनी छातीठोकपणे सांगितलं. असं कुठेही लिहिलेलं नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमात पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे राहावं असं आहे, आणि सगळ्यावर मुलाचं हित. दुसरी समजूत अशी की ताबा आईकडे आला म्हणजे ती मुलाला कुठेही नेऊ शकते. तेही खरं नाही. 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम 26 प्रमाणे कोर्टाने नेमलेल्या पालकाला कोर्टाच्या हद्दीबाहेर मूल न्यायचं तर आधी कोर्टाची परवानगी लागते. ताब्याच्या हुकुमात अशी अट वेगळी घातलेली असू शकते. म्हणून बॅग भरण्याआधी हुकूम शब्दन्‌शब्द वाचावा.

मुलाच्या पप्पांना वाटणारी भीती मला तेव्हा कळत होती. ते म्हणाले, "आज सुरत, उद्या तिथून कुठे?" त्यांच्या वकिलाने त्यांना 1890 च्या त्याच कायद्याचं कलम 9 समजावलं होतं. मुलाबद्दलचा अर्ज मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात करायचा असतो. म्हणजे पोरगा सुरतकर झाला की पुढे काही वाद निघाला तर कपाशीची वेचणी टाकून त्यांनीच सुरतेच्या कोर्टात खेटे घालायचे. ही भीती पोकळ नव्हती. शेतकरी माणसाला तारखेला परगावी जाणं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एक दिवसाचं काम, दोन्ही बुडवणं. आमच्यात मारहाण नव्हती, दारू नव्हती. जमलं नाही, ते आमच्या दोघांचं. त्यामुळे समोर बसून बोलता आलं, आणि त्यांची संमती लेखी मिळाली.

जिथे मारहाण आहे तिथे मी हे काहीही सांगणार नाही. तिथे बाईने आधी मुलासह सुरक्षित जागी जावं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कलम 21 खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि बापाची भेट मुलाला घातक वाटली तर दंडाधिकारी ती नाकारतात.

मुलाला कोणी सांगायचं यावरून घरात वाद झाला. माझ्या आईचं म्हणणं, "मामाकडे फिरायला जायचंय म्हण. तिथे रमला की आपोआप विसरेल." सगळ्या घरांत हेच केलं जातं. मूल सुट्टीला म्हणून निघतं, आणि जून उजाडला तरी गाडी परत फिरत नाही. मग ते रोज विचारतं, आणि रोज कुणीतरी त्याला नवीन खोटं सांगतं. मी ओसरीवर त्याला जवळ घेऊन बसले आणि सांगितलं की आपण सुरतेला राहायला जातोय, शाळाही तिथेच, पप्पा मात्र इथेच राहणार. तो बराच वेळ पायरीचा सिमेंटचा पोपडा नखाने काढत बसला. मग विचारलं, "पप्पांना माहीत आहे?" म्हटलं, हो, त्यांनी आणि मी मिळून ठरवलंय. त्यावर म्हणाला, "माझी सायकल?"

सायकलचं त्याच्या पप्पांनीच ठरवलं. गावातच ठेव, आलास की लागेल. माझ्या भावाला ते आवडलं नाही, तो म्हणाला, पोराची एवढी वस्तू पण देत नाहीत. मला मात्र ते फार बरं वाटलं. ज्या घरात आपली सायकल उभी आहे त्या घरात मूल पाहुणं होत नाही.

सासूबाई माझ्याशी शेवटपर्यंत अहिराणीतच बोलल्या. निघायच्या आधी भेटायला गेले तर त्यांनी भाकरी टाकता टाकता, तव्यावरची नजर न काढता म्हटलं, "जाय व माय. पन पोर्‍याले तोडू नको." मला त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही. बिबड्यांची आणि शेंगांची पिशवी बांधून ठेवलेली होती.

सुरतेची गाडी अमळनेर सोडल्यावर नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार करत नवापूर ओलांडते. सासर शिंदखेड्याच्या बाजूचं. म्हणजे आम्ही ज्या गाडीने निघालो ती त्याच्या बापाच्या स्टेशनावरूनच जाणार होती. मी त्यांना डब्याचा नंबर कळवला होता. गाडी थांबली तेव्हा ते खिडकीशी आले, गजांतून हात घालून मुलाचं डोकं कुरवाळलं आणि "अभ्यास कर" एवढंच म्हणाले. गाडी हलली तसे थोडे बरोबर चालले. पोरगा नंदुरबारपर्यंत बोलला नाही. नवापूर आल्यावर शेजारचे एक काका त्याला फलाटावरचा बाक दाखवत म्हणाले, "हा बाक अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत." मग तो खिडकीला नाक लावून बघत राहिला.

शाळेचं काम मला वाटलं होतं त्याहून किचकट निघालं. जुन्या शाळेतून दाखला निघायला दिरंगाई होत होती, आणि सुरतेत ज्या शाळेत आधी गेले तिथे "एल.सी. आणा, वडिलांची सही आणा" असा घोषा. शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा पहिली ते आठवीच्या मुलांबद्दल स्पष्ट आहे. कलम 5 प्रमाणे मूल एका शाळेतून दुसरीकडे जात असेल, राज्यात किंवा राज्याबाहेर, कारण कोणतंही असो, मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. मी ते कलम छापून पर्समध्ये ठेवलं होतं. सहीचंही तसंच. 1999 साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की बाप मुलाचं प्रत्यक्ष काही बघत नसेल तर तो हयात असतानाही आई नैसर्गिक पालक म्हणून निर्णय घेऊ शकते. आमच्याकडे बापाची संमती कागदावर होतीच, त्यामुळे ते काम पुढे सरकलं. पण खिडकीपलीकडून "फादर कुठे आहेत?" हे मोठ्याने विचारलं जातं तेव्हा मूल शेजारीच उभं असतं. तेवढा प्रश्न हळू आवाजात विचारायला कुठल्या कायद्याची गरज आहे?

सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या आहेत. मराठी माध्यमात घातलं तर त्याला धक्का कमी बसेल म्हणून मी तेच निवडलं. गुजराती तरीही आलीच, 2023 च्या कायद्याने गुजरातमधल्या सगळ्या शाळांत पहिली ते आठवी ती सक्तीची आहे. सुरुवातीला तो गुजराती अक्षरं काढायचा आणि सवयीने वर शिरोरेषा ओढायचा. मग बाईंनी सांगितलेलं आठवलं की ती रेघ खोडरबराने घासायचा. वहीच्या प्रत्येक ओळीवर राखाडी पट्टा पडलेला असायचा, कुठे कुठे कागद फाटलेला.

पप्पांचा व्हिडिओ कॉल रोज संध्याकाळी जेवणाआधी. 2020 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने भेटीच्या हक्काबरोबर संपर्काच्या हक्काबद्दल लिहिलं आहे. आईबाप वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत असतील तर ज्याच्याकडे मूल नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं, अशा अर्थाचं. वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात आठ वर्षांचा मुलगा फोनवर काय बोलणार? "जेवलास?" "हो." "शाळेत गेलास?" "हो." पुढे दोघंही गप्प. सुरुवातीला मी मागून सुचवायचे, ते सांग ना, हे सांग ना. मग त्याच्या पप्पांनीच युक्ती काढली. ते गोठ्यात फोन खुंटीला अडकवून बैलांना वैरण टाकायचे, हा इकडे फोन डब्याला टेकवून गृहपाठ करायचा. बोलणं नाही, नुसती सोबत. एकदा मी कणीक मळत होते तेव्हा हा त्यांना सांगताना ऐकलं, "पप्पा, वर रेघ नाही द्यायची, तशीच काढा." तो बापाला गुजराती 'क' शिकवत होता, आणि बाप खताच्या पावतीमागे पेनाने तो गिरवून कॅमेऱ्याला दाखवत होता.

सुट्ट्यांचं गणित मात्र दोन राज्यांमुळे खरोखरच बिघडतं. कागदात "दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी" असं लिहितात, पण कुठल्या राज्याची? गुजरातेत शाळांना दिवाळीची सलग 21 दिवसांची सुट्टी असते. गावाकडे चुलत भावंडांची शाळा सुरू झालेली, आणि हा एकटाच अंगणात. उन्हाळ्याच्या सुट्टीचं तसंच. आखाजीला खानदेशातली प्रत्येक लेक माहेरी येते, झोके बांधतात, मीही अमळनेरला जाते. मग त्या दिवशी पोरगा कोणाचा? पोळ्याचा पेच सगळ्यांत मोठा. जन्माष्टमीची सुट्टी गुजरातेत मिळते, त्यानंतर आठवड्याभराने पोळा येतो तेव्हा शाळा भरलेली. बैलांची शिंगं रंगवायचं काम त्याचं होतं, कळायला लागल्यापासूनचं. त्याच्या पप्पांनी एवढीच एक गोष्ट हट्टाने मागितली, की पोळ्याला पोरगा पाठव. मी शाळा बुडवून पाठवते. बाईंना आधी खरं कारण सांगते, त्या नाही म्हणत नाहीत.

पैशांवरून भेट अडवणाऱ्या बायकांशी माझं पटत नाही. पोटगी थकली तर त्याला कायद्यात वेगळा रस्ता आहे. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे, आधी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये होता. त्या रस्त्याने भांडावं, वसुली लावावी, मुळीच सोडू नये. पण पैसे आले नाहीत म्हणून पोराला गाडीत बसवायचं नाही, यात बापापेक्षा पोराला शिक्षा होते. उलट पैसे देतो म्हणून पोरावर जादा हक्क सांगणारे बापही पाहिले आहेत. त्यांनाही माझं हेच सांगणं.

गेल्या उन्हाळ्यात गावाहून परतल्यावर मुलाने मला विचारलं, "मी पाचवी गावाला शिकलो तर?" माझ्या हातातलं काम थांबलं. 1890 च्या त्याच कायद्यात कलम 17 मध्ये आहे की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. न्यायाधीश जे विचारात घेतील ते आईने कानाआड कसं करावं? मी त्याला "बघू" म्हटलं नाही, कारण आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही. पप्पांना आणि मला मिळून ठरवावं लागेल, असं सांगितलं आणि त्याच संध्याकाळी फोनवर तिघांत विषय काढला. त्याचे पप्पा गडबडले. सकाळी सहाला शेतात जाणारा माणूस, आईचे गुडघे दुखतात, डबा कोण करणार? अजून ठरलेलं नाही. तो पाचवी सुरतेलाच शिकेल असं मला वाटतं, आणि मला तेच हवंही आहे. पण त्याने मागितलं तर सातवी-आठवीला हा प्रश्न पुन्हा मांडायचा, एवढं आम्ही दोघांनी मान्य केलं आहे.

हल्ली ओळखीपाळखीतल्या बाया मला फोन करतात. कोणी पारोळ्याची, कोणी साक्रीची, वापीला किंवा इंदूरला जाऊ पाहणारी. बहुतेकींचा प्रश्न एकच असतो, आधी जाऊ की आधी कागद करू? जिवाला धोका नसेल तर आधी कागद, असंच मी सांगते. आणि कागदात नुसतं "भेटू देण्यात येईल" लिहू देऊ नका. कुठल्या शाळेची सुट्टी धरायची ते लिहा. मुलाला कोण आणणार, कोण सोडणार, तिकीट कोणाचं, बाप अर्ध्या वाटेवर नंदुरबारला येणार की दारापर्यंत, ते लिहा. फोनची वेळ लिहा, आणि ती वेळ बापाच्या कामाची पाहून ठरवा. मूल आजारी पडलं तर दुसऱ्याला कधी कळवायचं, तेही लिहा. पोळा असेल, कानबाई असेल, त्या घराचा जो दिवस असेल तो नावाने लिहा. आजीआजोबांना विसरू नका, कारण मसुद्यात "वडिलांना भेट" एवढंच छापील असतं आणि बाप कामावर असला तर आजी पोराला घरी नेऊ शकते की नाही यावरून पुढे भांडणं होतात. आमच्या मसुद्यातही तसंच होतं. वकीलसाहेबांनी ते वाक्य समासात हाताने वाढवलं, "वडील किंवा आजी", आणि आम्ही दोघांनी तिथे वेगळी सही केली.